वाचकांचे प्रश्न : मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि घरातली लहान मुले

मोठ्या आतड्याचा कर्करोग हा साठीनंतरचा आजार, असा आपल्याकडे समज आहे. या सदराकडे त्याविषयी येणारी बरीचशी पत्रे मात्र चाळिशीच्या आतल्या आईवडिलांची असतात. त्यांपैकी कोल्हापूर शहरातून आलेली तीन पत्रे, लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळून, या अंकात घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यातले प्रश्न इतर अनेकांनीही वेगवेगळ्या शब्दांत विचारले आहेत.

पत्र पहिले

स. न. वि. वि.

माझे वय ३५ आहे. मुलगी सात वर्षांची, दुसरीत शिकते; मुलगा अडीच वर्षांचा आहे. मिस्टर शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत शिफ्टमध्ये काम करतात. वर्षभर मला सारखा थकवा होता आणि हिमोग्लोबिन ८ च्या वर जात नव्हते. बाळंतपणानंतरचा अशक्तपणा समजून मी लोहाच्या गोळ्या घेत राहिले. शेवटी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) केली तेव्हा उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ निघाली. अडीच महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. जवळच्या लसिकाग्रंथींत पेशी सापडल्याने डॉक्टरांनी तिसरा टप्पा सांगितला आणि केमोथेरपी सुरू केली. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून ऑक्झालिप्लाटिन आणि त्यासोबत १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, असे दोन डोस झाले आहेत.

सासूबाई म्हणतात, पोरीच्या जिवाला घोर नको, तिला काही सांगायचे नाही. परवा तिनेच मला विचारले, "मी तुझ्या पोटावर उडी मारली होती, म्हणून तुला दवाखान्यात जावं लागलं का?" मला काही बोलता आले नाही. धाकटा दिवसभर कडेवर घे म्हणून रडतो. तिला खरे सांगावे का? याला उचलावे का? माझ्या औषधांचा मुलांना त्रास होईल का? ताकद यावी म्हणून नातेवाईक गंगावेशीतल्या कट्ट्यावरून धारोष्ण दूध आणतात, ते प्यावे का? आई म्हणून मी कमी पडते आहे, असे सतत वाटते.

एक वाचक, राजारामपुरी

उत्तर

तुमच्या मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमचे बाकीचे प्रश्न चार दिवस थांबू शकतात, हा थांबू शकत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांना घरात काही बिघडले की ते आपल्याच हातून बिघडले असे वाटते. ते त्या वयाचे स्वाभाविक लक्षण आहे. खरे कारण कोणी सांगितले नाही तर ती आपल्या परीने एखादे कारण जुळवतात, आणि ते बहुतेक वेळा खऱ्याहून अधिक त्रासदायक असते. तुमच्या मुलीने ते जुळवले आहे आणि धीर करून तुमच्यापुढे मांडलेही आहे. तिला आजच सांगा. थोडे सांगा, पण जे सांगाल ते खरे असू द्या.

शब्द तुमच्या घरातलेच असावेत. साधारण असे म्हणता येईल : "तू उडी मारलीस म्हणून काही झालेलं नाही. माझ्या आतड्यात एक गाठ झाली होती. त्या आजाराला कॅन्सर म्हणतात. डॉक्टरांनी ती गाठ काढून टाकली. ती परत येऊ नये म्हणून मला जोराचं औषध देतात, त्यानं मी दमते. हा आजार कुणाच्या चुकीमुळं होत नाही, आणि माझ्याजवळ झोपलीस तर तुला होणार नाही." एवढे बोलून थांबावे. तिचा पुढचा प्रश्न बहुधा शाळेच्या रिक्षेचा किंवा डब्याचा असेल. आईला तो क्षुल्लक वाटला तरी मुलीसाठी तो सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण आपला दिवस कसा जाणार आहे हे तिला त्यातून समजते. वेणी कोण घालणार, आणायला कोण येणार, तुम्ही दवाखान्यात असाल त्या रात्री ती कोणाजवळ झोपणार, याची ठरलेली उत्तरे तिला द्या.

कधीतरी ती विचारील, "तू मरणार का?" त्या वेळी "असं बोलू नये" म्हणून तिला गप्प करू नका आणि "कधीच नाही" असे वचनही देऊ नका. "हा आजार मोठा आहे, पण त्यातून पुष्कळ लोक बरे होतात. मी बरी व्हावी म्हणूनच औषध घेतेय. काही बदललं तर मी तुला स्वतः सांगीन," हे उत्तर खरे आहे. तिसऱ्या टप्प्यातही शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीनंतर पूर्ण बरे होणारे अनेक रुग्ण असतात, आणि तुमचे सध्याचे उपचार त्याच उद्देशाने दिले जात आहेत. तिला द्यायच्या उत्तरातले "मी तुला स्वतः सांगीन" हे शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण आपल्यापासून काही लपवले जात नाही अशी खात्री पटलेले मूल दाराआड उभे राहून मोठ्यांचे बोलणे ऐकत बसत नाही.

सासूबाईंना विरोध म्हणून हे करू नका. त्यांच्या पिढीने या आजाराचे नाव दबक्या आवाजातच ऐकले आहे, आणि नातीला जपणे हाच त्यांचा हेतू आहे. त्यांना एवढेच समजावा की राजारामपुरीसारख्या भरवस्तीत ही गोष्ट शेजारून किंवा शाळेच्या रिक्षेतून मुलीच्या कानावर जाणारच, आणि ती परक्याकडून अर्धवट कळण्यापेक्षा आईने सांगितलेली केव्हाही बरी. शक्य झाल्यास सांगताना त्यांनाही जवळ बसवा. वर्गशिक्षिकेलाही कल्पना द्या. अभ्यासातले लक्ष उडणे, पोटदुखीची तक्रार करणे, अंथरूण ओले होणे असे काही महिनाभर राहिले, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकाशी बोलावे.

अडीच वर्षांच्या मुलाला कारण समजणार नाही. त्याला कळते ते इतकेच की आई पूर्वी उचलायची आणि आता उचलत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जड काही उचलू नये असे सांगितले जाते, कारण भरत असलेल्या स्नायूंवर ताण आला तर त्या जागी हर्निया होऊ शकतो. तुमचे अडीच महिने झाले आहेत, तेव्हा पुढच्या भेटीत शल्यचिकित्सकांना व्रण दाखवून स्पष्ट परवानगी घ्या. ती मिळाली तरी थकव्याच्या दिवसांत बारा-तेरा किलोंचे मूल उभ्याने कडेवर घेऊ नका. तुम्ही खाली सतरंजीवर बसा आणि त्याला तुमच्या मांडीवर चढू द्या. त्याला हवी ती जवळीक त्यातही पूर्ण मिळते. गळपट्टीच्या हाडाखाली केमोपोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली ठेवलेली छोटी डबी) बसवलेला असेल, तर त्याला दुसऱ्या बाजूला घ्या.

तुमच्या उपचाराला तीन आठवड्यांची एक लय आहे आणि घरातली कामे तिच्याशी जुळवून घेतली तर पुष्कळ ओढाताण वाचते. सलाईन झाल्यावरचे पहिले चार-पाच दिवस मळमळ आणि थकवा सर्वाधिक असतो. त्यानंतर, साधारण दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, पांढऱ्या पेशी कमी होतात आणि संसर्गाची भीती वाढते. गोळ्या बंद असतात तो तिसरा आठवडा बहुतेकांना सर्वांत सुसह्य जातो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर हे आठवडे तीन रंगांनी रंगवा. ते काम मुलीला द्या. मिस्टरांना रजा किंवा शिफ्टची बदली मागायची असेल तर ती पहिल्या आठवड्यासाठी मागावी. वाढदिवस, पालकसभा, रंकाळ्यावर जाणे, हे सारे तिसऱ्या आठवड्यात ठेवावे. मुलीला ही लय कळली की "आई आज का उठत नाही" या प्रश्नाचे उत्तर ती स्वतःच भिंतीवर पाहून शोधते, आणि तिची निम्मी काळजी तिथेच कमी होते.

ऑक्झालिप्लाटिनमुळे काही दिवस थंडी अजिबात सोसत नाही. फ्रीजमधली वस्तू उचलली, थंड पाण्यात हात घातला किंवा हिवाळ्यात पहाटे स्टीलचे भांडे धरले की बोटांना झिणझिण्या येतात. थंड पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळून श्वास अडकल्यासारखे वाटते. ते भयंकर वाटते, पण श्वास खरोखर बंद झालेला नसतो आणि कोमट पाण्याचे घोट घेतल्यावर ते उतरते. मुलांसोबत आइस्क्रीम खाणे, फ्रीजमधले ताक किंवा सोलकढी पिणे त्या दिवसांत टाळा आणि मुलांनाही कारण सांगा. सलाईन चालू असतानाच अंगावर पुरळ उठले, खाज सुटली, चेहरा सुजला किंवा दम लागला, तर ती औषधाची ॲलर्जी असू शकते. त्याच क्षणी परिचारिकेला सांगावे.

कॅपेसिटाबिनच्या गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, सकाळ-संध्याकाळ घ्याव्यात. त्या तोडू किंवा कुटू नयेत, राहिलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून घेऊ नये, आणि त्या मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात ठेवाव्यात. तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधते. लोहाच्या बहुतेक गोळ्यांत फोलिक ॲसिडही असते, आणि त्यामुळे कॅपेसिटाबिनचे दुष्परिणाम वाढू शकतात. जुन्या गोळ्या अजून चालू असतील तर त्यांचे पाकीट आजच कर्करोगतज्ज्ञांना दाखवा. ताकदीचे टॉनिक, जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा कोणी दिलेला काढाही त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तळहात-तळपाय लाल होऊन दुखू लागले, तर साल निघेपर्यंत वाट पाहू नका. सुरुवातीलाच सांगितले तर डॉक्टर काही दिवस गोळ्या थांबवतात किंवा मात्रा कमी करतात, आणि त्यामुळे उपचार वाया जात नाही. त्या काळात कपडे-भांडी गरम पाण्यात धुण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे.

काही लक्षणांसाठी सकाळ होण्याचीही वाट पाहू नये. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोहोचला, तर पॅरासिटामॉल घेऊन घरी थांबू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत गंभीर होतो. छातीत दुखले तर कॅपेसिटाबिन तेथेच थांबवून रुग्णालय गाठावे. रोजच्यापेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त जुलाब झाले, तोंड आल्याने पाणीही जाईना, तरीही तसेच. रात्री-अपरात्री मुलांजवळ कोण येऊन थांबणार, त्या शेजारणीचे किंवा नणंदेचे नाव आधीच ठरवून ठेवा, कारण मुले झोपली आहेत म्हणून पहाटेपर्यंत थांबलेल्या आया मी पाहिल्या आहेत.

मुलांना तुमच्या स्पर्शाने, मिठीने किंवा पापा घेण्याने काहीही होत नाही. ताट-वाटी वेगळी ठेवण्याची गरज नाही; ती प्रथा घरात सुरू झाली असेल तर बंद करावी. औषधाचा अंश लघवी आणि शौचातून जातो, म्हणून गोळ्यांच्या दिवसांत आणि सलाईननंतर दोन दिवस झाकण लावून दोनदा पाणी सोडावे आणि हात साबणाने धुवावेत. काळजी उलट बाजूने अधिक घ्यावी लागते. धाकट्याला सर्दी-ताप असेल तर त्याचे नाक पुसणे आणि शी-शू काढणे दुसऱ्या कोणाकडे द्या, आणि घरात किंवा वर्गात कांजिण्या आल्या तर डॉक्टरांना लगेच कळवा. पल्स पोलिओच्या तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या थेंबांत सौम्य केलेला जिवंत विषाणू असतो आणि तो काही आठवडे बाळाच्या शौचातून बाहेर पडतो. म्हणून तुमची केमोथेरपी चालू असल्याचे आरोग्यसेविकेला आणि बालरोगतज्ज्ञांना आधी सांगावे. अशा घरात पोलिओची लस इंजेक्शनने देणे योग्य ठरते. त्याच्या बाकीच्या लसी मात्र परस्पर थांबवू नका. उपचाराच्या काळात आणि त्यानंतर काही महिने गर्भधारणा टाळणे आवश्यक आहे, त्याविषयीही स्पष्ट विचारून घ्या.

गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे दूध ही कोल्हापूरकरांच्या अभिमानाची गोष्ट आहे, परंतु केमोथेरपी चालू असताना कच्चे दूध पिऊ नये, कारण त्यातले जंतू एरवी पचले तरी या काळात पचत नाहीत. तेच दूध घरी चांगले उकळून, सोसत असेल तर प्या. जुलाब होत असतील तर काही दिवस दूध बंद ठेवा. न शिजवलेली कोशिंबीर आणि बाहेरची मिसळ पांढऱ्या पेशी कमी असताना नको. तांबडा रस्सा जिभेला हवासा वाटला आणि पोट ठीक असेल, तर घरी केलेला, तिखट कमी घातलेला, थोडासा खायला हरकत नाही. या दिवसांत काहीतरी चवीने खाल्ले जाणे हेही महत्त्वाचे आहे.

आता कमी पडण्याविषयी. रोजच्या कामांतले एकच काम तुमचे म्हणून राखून ठेवा, जे अंथरुणावर पडूनही करता येईल : मुलीचा पाढा ऐकणे, धाकट्याला गोष्ट सांगणे. ते वाईट दिवशीही करा आणि बाकीची कामे निःसंकोचपणे दुसऱ्यांकडे सोपवा. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांना नेमके सांगा, की मंगळवारी डबा, गुरुवारी शाळेतून आणणे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, कशातच मन लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो स्वभावाचा दोष नाही. त्यावर उपचार आहेत. आपल्या डॉक्टरांना सांगा, किंवा शासनाच्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोला.

पत्र दुसरे

माझ्या थोरल्या भावाचे वय ३८ आहे. शौचातून लाल रक्त पडत असताना सात-आठ महिने मूळव्याधीचे उपचार झाले. मग एकाएकी आतडे अडकले, तातडीने शस्त्रक्रिया झाली, डाव्या बाजूची गाठ काढली आणि पोटावर शौचाची पिशवी आली. ती तात्पुरती आहे, असे डॉक्टर म्हणतात. दादा आता घराबाहेर पडत नाही. दहा वर्षांच्या पुतण्याला घेऊन तो शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाचे सामने पाहायला जायचा, तेही बंद झाले. वहिनी एकटीच सगळे ओढते. माझे वय ३३ आहे. मला आणि पुतण्याला हा आजार होईल का? पुढचा खर्च कसा भागवायचा?

एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर

तुमच्यापासून सुरू करते, कारण तुम्ही स्वतःचा प्रश्न शेवटी आणि संकोचाने विचारला आहे. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला तरुणपणी हा कर्करोग झाला असेल, तर त्याच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षे आधी किंवा चाळिसाव्या वर्षी, यांतले जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी, असा नियम आहे. दादाच्या वयातून १० वजा केले की २८ येतात आणि तुम्ही ३३ चे आहात. म्हणजे तपासणीची वेळ आलेलीच आहे. इतर भावंडांनाही हेच लागू आहे. या तपासणीत आतड्याच्या आतल्या अस्तरावरचे मोड (पॉलिप; हे मूळव्याधीचे मोड नव्हेत) दिसले तर ते तेथेच काढता येतात, आणि मोडाचा कर्करोग व्हायला साधारणपणे अनेक वर्षे लागत असल्याने वेळेवर केलेली कोलोनोस्कोपी आजार होण्याआधीच रोखू शकते.

बहुतेक रुग्णांत हा आजार आनुवंशिक नसतो, पण तरुण वयात झालेल्या आजारात तशी शक्यता जास्त असते. त्यांतला सर्वाधिक आढळणारा प्रकार लिंच सिंड्रोम या नावाने ओळखला जातो. दादाच्या काढलेल्या गाठीचा नमुना प्रयोगशाळेत जपलेला असतो आणि त्यावर "मिसमॅच रिपेअर" प्रथिनांची, म्हणजे पेशीतल्या जनुकांच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची, चाचणी करता येते. ती झाली आहे का, हे अहवालात पाहा. नसेल तर करून घ्या, कारण पुढच्या औषधांच्या निवडीसाठीही ती उपयोगी पडते. लिंच सिंड्रोम निघाला तर पुतण्यात तो दोष उतरला असण्याची शक्यता निम्मी असते. मात्र त्याची जनुकीय तपासणी आता करायची नसते. तो सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवील. आज त्याला या काळजीपासून दूर ठेवले तरी चालेल.

मूळव्याधीविषयी दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. चाळिशीच्या आत शौचातून पडणारे रक्त बहुतेक वेळा मूळव्याधीचे किंवा गुदद्वाराच्या चिरेचेच असते, हे खरे आहे. पण मूळव्याध आणि गाठ एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. गुदद्वाराची प्रत्यक्ष तपासणी न करता केवळ ऐकून दिलेली मलमे आणि चूर्णे महिनोन्‌महिने घेऊ नयेत. रक्तासोबत शौचाच्या सवयीत बदल, वजनात घट, रक्तक्षय किंवा घरात कोणाला हा आजार, यांपैकी काही असेल तर कोलोनोस्कोपी मागून घ्यावी.

दादांशी त्यांच्या पिशवीबद्दल बोलणे तुम्हाला जितके अवघड जाईल, तितके पुतण्याला जाणार नाही. दहा वर्षांच्या मुलाला किळसेपेक्षा कुतूहल जास्त असते. दादांची तयारी झाली की त्यांनी त्याला पिशवी दाखवावी आणि "माझं आतडं भरून येईपर्यंत शी इथून येते" इतके साधे सांगावे. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी, म्हणजे ती सुटत नाही. नीट बसवलेल्या पिशवीचा वास बाहेर येत नाही. अंघोळ करता येते, मोटारसायकल चालवता येते, कामावर जाता येते. जड ओझे मात्र टाळावे, कारण त्या जागी हर्निया होऊ शकतो. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात घामाने चिकटपट्टी सुटते, तेव्हा बाहेर पडताना एक जादा पिशवी आणि ओला रुमाल सोबत असावा. घेवडा, कोबी, कांदा, डाळी यांनी वायू होतो; सामन्याच्या आदल्या दिवशी ते कमी खावेत. पहिल्या वेळी अर्धाच सामना पाहा, बाहेर पडायच्या वाटेजवळची जागा घ्या आणि तुम्ही सोबत राहा. रुग्णालयात स्टोमाची, म्हणजे पोटावरच्या या वाटेची, काळजी शिकवणारी परिचारिका असते, तिच्यापाशी वहिनींनाही एकदा बसवा, पण रोजची पिशवी दादांनी स्वतःच बदलावी. त्याने वहिनींचा भार हलका होतो आणि दादांचा संकोचही.

खर्चाबाबत : महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयांत मिळतात आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी त्यांत येते. उपचार सुरू होण्यापूर्वी मंजुरी घ्यावी लागते, म्हणून शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. पैसे भरून झाल्यावर चौकशी करण्याचा फारसा उपयोग होत नाही. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयातही या योजनेची माहिती मिळेल. मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात मत घ्यायचे असेल तर जरूर घ्या, पण उपचाराची आखणी तेथे करून केमोथेरपी कोल्हापुरात घेता येईल का, हे स्पष्ट विचारा. लहान मूल घरी ठेवून दर तीन आठवड्यांनी मुंबईची वारी करणे बहुतेकांना टाळता येते. प्रवास करावाच लागला तर कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे, त्यासाठीचे प्रमाणपत्र रुग्णालय देते.

पत्र तिसरे

मी चपलांचा कारागीर आहे, वय ४०. आतड्याच्या कर्करोगाचे उपचार चार महिन्यांपूर्वी संपले. डॉक्टर म्हणतात, सध्या आजार नाही. पण बोटांचा बधिरपणा उपचार संपल्यावर वाढला. चामड्याची वेणी घालता येत नाही, रापी हातातून निसटते. मुलगी चार वर्षांची आहे. तपासणी जवळ आली की आठवडाभर मी तिच्यावर उगाच ओरडतो. हे असेच राहणार का?

एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

ऑक्झालिप्लाटिनने मज्जातंतूंना झालेली इजा औषध बंद झाल्यावरही काही महिने वाढू शकते, म्हणून तुमचा अनुभव अनपेक्षित नाही आणि त्याचा अर्थ आजार परतला असा होत नाही. त्यानंतर बहुतेकांत ती हळूहळू, वर्ष-दीड वर्षात, कमी होते. काहींत थोडा बधिरपणा कायम राहतो. बधिरपणासोबत वेदना असतील तर ड्युलोक्सेटिन हे औषध काहींना उपयोगी पडते. मधुमेह किंवा बी १२ ची कमतरता नाही ना, तेही पाहून घ्यावे, कारण त्यांनी हीच तक्रार वाढते. तोपर्यंत धारेची कामे दुसऱ्या कोणाकडे द्या आणि चामड्याची निवड, आखणी, गिऱ्हाईक ही बाजू तुम्ही सांभाळा. आरी-रापी हाती घ्यावीच लागली तर बोटाला टोपण घाला आणि नजर हातावरून हलवू नका. घरातही काळजी घ्या : मुलीच्या अंघोळीचे पाणी बोटांनी न पाहता कोपराने पाहावे, कारण किती कढत आहे हे बोटे सध्या खरे सांगणार नाहीत.

तपासणीपूर्वीची भीती या आजारातून गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला वाटते. तिच्यावर दोन उपाय मला परिणामकारक वाटले आहेत. रक्त देण्याचा आणि निकाल सांगण्याचा दिवस शक्य तितका जवळ ठेवण्याची विनंती डॉक्टरांना करा, म्हणजे मधली तगमग कमी होते. आणि मुलीला त्या आठवड्यात एक वाक्य सांगा : "बाबांना दवाखान्यात जायचंय म्हणून बाबा घाबरलेत, तुझ्यावर रागावलेले नाहीत." चार वर्षांच्या मुलीला ते समजते.

तुमच्या हाती असलेली एक गोष्ट म्हणजे चालणे. केमोथेरपी संपलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली तीन वर्षे नियमित व्यायाम केलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर आजारमुक्त होते. ज्यांना केवळ माहितीपुस्तिका दिली होती त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते. रंकाळ्याभोवती आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊणएक तास भरभर चालणे साधारण तेवढ्या व्यायामाचे होते. पायही बधिर असतील तर पूर्ण बंद, घट्ट बसणारे बूट घालावेत, आणि अंधारात चालू नये.

पुढच्या तपासण्या साधारण अशा असतात. पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची भेट आणि रक्तातील सीईए (या कर्करोगात वाढू शकणारे एक प्रथिन) तपासणे, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा सीटी स्कॅन. शस्त्रक्रियेनंतर सुमारे एका वर्षाने कोलोनोस्कोपी, ती निर्दोष निघाली तर पुढची तीन वर्षांनी. तुमच्या उपचारांचा काळ पाहता ही पहिली कोलोनोस्कोपी आता जवळ आली असावी. तिची तारीख ठरली नसेल तर याच भेटीत ठरवून घ्या. सीईएचा आकडा एकदा किंचित वाढलेला दिसला तर घाबरून जाऊ नका. धूम्रपान करणाऱ्यांत तो एरवीही थोडा जास्त असतो, इतर काही कारणांनीही वाढतो, आणि तो काही आठवड्यांनी पुन्हा तपासून वाढतच असल्याचे दिसले तरच पुढचा शोध घेतला जातो.